क्रूझ रद्द झाली, मग ऑनबोर्ड क्रेडिट गेलं कुठे?

क्रूझ कंपनीनं सफर रद्द केली की भाडं परत मिळतं. वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो, पण मिळतं. घोळ होतो तो ऑनबोर्ड क्रेडिटचा, म्हणजे जहाजावरच्या खर्चासाठी बुकिंगवर जमा असलेल्या रकमेचा. कन्फर्मेशनवर ६०० डॉलरचं क्रेडिट दिसत होतं, परताव्यात त्यातलं काहीच आलं नाही, आणि कॉल सेंटरवरून उत्तर मिळतं की ‘ते प्रमोशनल होतं’. बहुतेक जण इथेच फोन ठेवतात. ठेवू नका. त्या ६०० मधला काही भाग खरोखर गेलेला असतो, काही भाग मागितला तर मिळतो, आणि काही भाग सरळसरळ हक्काचा असतो.

यातलं काय कशात मोडतं हे ठरतं एकाच गोष्टीवर: तो पैसा मुळात कुणी भरला?

कंपनीनं बुकिंगच्या वेळी ऑफर म्हणून दिलेलं क्रेडिट कुणीच भरलेलं नसतं. ते त्या बुकिंग नंबरला चिकटलेलं असतं. नंबर बंद झाला की तेही संपलं. एजंटानं दिलेलं क्रेडिट वेगळं. ते त्याच्या कमिशनमधून किंवा ग्रुप बुकिंगवर मिळणाऱ्या फायद्यातून येतं आणि रद्द झाल्यावर त्याच्याकडे परत जातं. नव्या बुकिंगवर तो ते पुन्हा टाकू शकतो, पण आपोआप काही होत नाही, सांगावं लागतं. नवं बुकिंग त्याला वगळून थेट कंपनीकडे केलं तर त्यानं ते द्यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. तिसरा प्रकार भेटीचा. लग्नाच्या वाढदिवसाला कुणी नातेवाइकानं कार्डनं पैसे भरून तुमच्या केबिनवर २०० डॉलर टाकले असतील तर ती रोख रक्कम आहे. ती परत यायलाच हवी, मात्र येते ती देणाऱ्याच्या कार्डवर. त्यामुळे होतं काय, तुम्ही वाट बघत बसता, आणि देणाऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये जमा झालेली रक्कम कशाची हे त्याच्या लक्षातच येत नाही. त्याला आधीच कळवून ठेवा.

शेअरधारकांचं क्रेडिट हा आणखी एक प्रकार. कार्निव्हल कॉर्पोरेशन किंवा रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपन्यांचे किमान १०० शेअर असणाऱ्यांना सफरीच्या लांबीनुसार ते मिळत आलं आहे, पण ते त्या त्या सफरीपुरतं. तारीख बदलली की अर्ज नव्यानं. जुनी मंजुरी नव्या बुकिंगवर आपसूक सरकेल असं धरून चालू नका.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा: आधीच घेतलेली पॅकेजेस. काही कंपन्या सफरीपूर्वीच क्रेडिट वापरून ड्रिंक पॅकेज, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली घेऊ देतात. समजा, पॅकेज २५० डॉलरचं आहे. ७० क्रेडिटमधून वळते झाले आणि १८० कार्डवरून गेले. सफर रद्द झाल्यावर १८० कार्डवर येतात आणि ७० पुन्हा क्रेडिट म्हणून बुकिंगवर जातात, म्हणजे बंद होणाऱ्या खात्यात. तेव्हा परतावा जुळवताना पॅकेजची छापील किंमत धरू नका, कार्डवरून प्रत्यक्षात किती गेले ते धरा. त्या ७० मध्ये भेटीचं किंवा स्वतः पैसे भरून विकत घेतलेलं क्रेडिट असेल तर तेवढा भाग वेगळा मागावा लागतो. सिस्टीम तो आपणहून वेगळा काढेलच असं नाही.

भाडं आधीच्या फ्यूचर क्रूझ क्रेडिटमधून, म्हणजे पुढच्या सफरीच्या भाड्यासाठी कंपनीनं दिलेल्या क्रेडिटमधून भरलं असेल तर तेवढा भाग रोख मिळत नाही, क्रेडिट म्हणूनच परततो, आणि बरेचदा जुन्याच मुदतीसह. मुदत जवळ आली असेल तर ती वाढवून मागा. सफर कंपनीनं रद्द केली असताना ही मागणी अगदी रास्त आहे. आणि ही दोन क्रेडिट्स एकमेकांत मिसळू नका: फ्यूचर क्रूझ क्रेडिट सहसा प्रवाशाच्या नावावर असतं आणि भाड्यात वळतं होतं, ऑनबोर्ड क्रेडिट बुकिंगवर असतं आणि जहाजावरच्या खर्चाला चालतं.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सफरी थांबल्या तेव्हा हा फरक ठळकपणे दिसला. कार्निव्हलनं रोख परतावा न घेता क्रेडिट ठेवणाऱ्यांना भाड्याइतकं फ्यूचर क्रूझ क्रेडिट आणि वर केबिनमागे ऑनबोर्ड क्रेडिट देऊ केलं: ५ दिवसांपर्यंतच्या सफरीला ३०० डॉलर, ६ किंवा जास्त दिवसांना ६००. रॉयल कॅरिबियननं १२५ टक्के फ्यूचर क्रूझ क्रेडिट दिलं. आकडे मोठे होते, पण ही नवी भरपाई होती. जुन्या बुकिंगवरचं ऑफरचं क्रेडिट तिच्यात धरलेलं नव्हतं. त्याच काळातल्या रॉयल कॅरिबियनच्या ‘लिफ्ट अँड शिफ्ट’ योजनेत मात्र बुकिंग रद्द होण्याऐवजी पुढच्या वर्षीच्या तशाच सफरीवर सरकत होतं. रद्द होणं आणि सरकणं यातला फरक इथे लाखमोलाचा आहे. बुकिंग सरकतं तेव्हा त्याच्यासोबतचे फायदे टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते.

माझं ठाम मत असं: कंपनीनं स्वतःहून सफर रद्द केली तर ऑफरचं क्रेडिटही नव्या बुकिंगवर न मागता गेलं पाहिजे. याला ‘फुकट मिळालेलं’ म्हणणं चूक आहे. एकाच केबिनसाठी दोन दर समोर असतात, एक स्वस्त आणि कोरा, दुसरा महाग पण क्रेडिटसह. प्रवाशानं दुसरा निवडला म्हणजे त्या क्रेडिटची किंमत त्यानं भाड्यातच मोजली. त्यानं स्वतः रद्द केलं तर गेलं, हे समजू शकतं. पण एखाद्या मोठ्या ग्राहकाला अख्खं जहाज चार्टरवर देण्यासाठी कंपनी सफर रद्द करते, तेव्हा तो तिचा धंद्याचा निर्णय असतो. त्याचा भुर्दंड प्रवाशानं का सोसायचा?

नियमांचा आधार कुठवर मिळतो? फेडरल मेरिटाइम कमिशन या अमेरिकेच्या सागरी वाहतूक नियामक संस्थेचा २०२२ पासूनचा नियम सांगतो की सफर रद्द झाली, किंवा जहाजावर चढणं ३ किंवा अधिक दिवस लांबलं आणि प्रवाशानं जायचं नाकारलं, तर भरलेले पैसे परत करावेत, कंपनीला भरलेल्या जोड-शुल्कांसकट. युरोपीय संघातल्या पॅकेज प्रवासाच्या नियमांत परताव्याला १४ दिवसांची मुदत आहे, ब्रिटनमध्येही तेवढीच. दोन्हीकडे शब्द आहे ‘भरलेले’. विकत घेतलेलं क्रेडिट त्यात बसतं असं ठणकावून सांगता येतं. ऑफरचं बसत नाही, तिथे फक्त वाटाघाट.

ती वाटाघाट करायची तर कागद हातात हवेत. रद्द झाल्याचं ईमेल आलं की पहिल्या तासातच बुकिंग उघडा, कारण थोड्या दिवसांत ते ऑनलाइन दिसेनासं होतं. क्रेडिटची प्रत्येक ओळ, रक्कम, ऑफरचं नाव, पुढे ‘रिफंडेबल’ की ‘नॉन-रिफंडेबल’, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. पॅकेजेसच्या ऑर्डर नंबरांसह पावत्या उतरवा. मग ईमेल पुन्हा शांतपणे वाचा, विशेषतः ‘या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास’ हे वाक्य. उत्तर न देणाऱ्यांसाठी कंपनीनं एक पर्याय आधीच ठरवलेला असतो आणि तो तुमच्या सोयीचा असेलच असं नाही. सफर रद्द होणार अशी नुसती कुणकुण असेल तर घाईनं स्वतः रद्द करू नका. अंतिम हप्त्याची तारीख उलटली असेल तर दंड बसतो, आणि नंतर कंपनीनं सगळ्यांची सफर रद्द केली तरी तुम्ही त्या यादीत नसता.

पर्याय निवडण्याआधी आकडेमोड करा. समजा, भाडं ३,००० डॉलर, क्रेडिट ६००: त्यात ३०० कंपनीचं, १०० एजंटचं, २०० भेटीचं. परतावा घेतला तर तुम्हाला ३,००० आणि देणाऱ्याला २०० मिळतील. तशीच सफर आज ३,४०० ला असेल आणि तिच्यावर ऑफर नसेल, तर ४०० जास्त भाडं आणि ३०० चं गेलेलं क्रेडिट मिळून ७०० चा फटका. एजंटनं त्याचे १०० पुन्हा टाकले नाहीत तर ८००. उलट कंपनी जुन्याच दरानं दुसऱ्या सफरीवर हलवून वर २०० भरपाई देत असेल, तर फक्त १०० कमी पडतात, आणि जुनं क्रेडिटही टिकवलं तर तुम्ही फायद्यात. पण हे सगळं हो म्हणण्याआधी लेखी घ्यायचं. ‘जुन्या बुकिंगवरचं ३०० डॉलरचं क्रेडिट नव्या बुकिंगवर ठेवावं आणि भरपाईचे २०० त्याव्यतिरिक्त असावेत’, इतकं स्पष्ट लिहा, दोन्ही बुकिंग नंबरांसह. भरपाईचं क्रेडिट इतर ऑफरबरोबर चालतं का, हेही तेव्हाच विचारा.

सफर मधेच आटोपती घेतली तर वेगळीच धावपळ. रिफंडेबल शिल्लक शेवटी कार्डवर येते, नॉन-रिफंडेबल शेवटच्या रात्री शून्य होते. जहाज बंदरात असताना दुकानं सहसा बंद असतात, म्हणजे परतीच्या बंदरात पोचल्यावर खर्च करू म्हटलं तर हातात काही उरत नाही. बातमी कळताच गेस्ट सर्व्हिसेसकडे जाऊन खात्याचा उतारा घ्या. रोजची ग्रॅच्युइटी (कर्मचाऱ्यांसाठीची टिप) बहुतेक ठिकाणी ऑनबोर्ड क्रेडिटमधूनही भागवता येते, ती आधी वळती करून घ्या, उरलेलं मग दुकानात किंवा स्पेशल रेस्टॉरंटमध्ये. हुकलेल्या बंदराचे कर आणि शुल्क खात्यावर क्रेडिट म्हणून जमा होतात आणि ते सहसा रिफंडेबल असतात. त्या ओळीपुढे तसं लिहिलंय ना, एवढं उतरण्याआधी तपासा.

परतावा एकरकमी येत नाही. भाडं, कर आणि बंदर शुल्क, आगाऊ ग्रॅच्युइटी, प्रत्येक पॅकेज, हे स्वतंत्र व्यवहार म्हणून वेगवेगळ्या दिवशी दिसतात. वही घ्या किंवा शीट, समोर ऑर्डर नंबर लिहा आणि आलेल्या रकमेवर खूण करत जा. ज्या ओळीवर खूण झाली नाही तिचाच नंबर घेऊन फोन करा, ‘माझा परतावा कमी आलाय’ असं मोघम सांगू नका. लेखी मुदत उलटूनही विकत घेतलेल्या क्रेडिटचे पैसे आले नाहीत, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करता येते. तिथेही मुदत असते, आणि तक्रार ज्याच्या कार्डवरून पैसे गेले त्यानंच करायची असते.