तीस डॉलरची केस आणि घरपोच चेक

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड परत परत येतो. ‘अमेरिकेत फोन कुठला आणि कॉल कुणाच्या नेटवर्कवरून, हे ग्राहक ठरवतो. कंपनीने अडवलं की लाखो ग्राहक मिळून एकच केस ठोकतात, कंपनी गुडघे टेकते, चेक घरपोच येतो. आपल्याकडे असा कायदाच नाही.’ खाली टाळ्या. दरवेळी गप्प बसलो, पण परवा एका काकांनी ‘आयफोनवाले बघा कसे वठणीवर आले’ अशी पुस्ती जोडली. मग आयफोनचंच बघू.

ग्राहक ठरवतो म्हणे. 29 जून 2007 ला आयफोन अमेरिकेत आला तो एटी अँड टी या एकाच कंपनीच्या नेटवर्कला जखडून. दुसऱ्या कंपनीचं सिम चालायचं नाही. परदेशी गेलात तरी तिथलं सिम टाकायची सोय नाही, रोमिंगचं बिल भरा. व्हेरायझन या दुसऱ्या मोबाइल कंपनीवर तो मिळायला 2011 चा फेब्रुवारी उजाडला.

इंटरनेटवरून स्वस्तात बोलायचं म्हटलं तरी तेच. 2009 च्या मार्चअखेर स्काइपचं अ‍ॅप आयफोनवर आलं, पण कॉल लागायचा फक्त वायफायवर. न्यू जर्सीतल्या मुलाला साताऱ्यातल्या आईशी त्यावरून बोलायचं तर आधी घर गाठायचं, नाहीतर वायफायवालं एखादं कॉफीचं दुकान. हा अडसर कुठल्या समूह दाव्याच्या, म्हणजे ग्राहकांनी मिळून ठोकलेल्या एकाच केसच्या, निकालाने निघाला नाही. गूगल व्हॉइस या गूगलच्या कॉल सेवेचं अ‍ॅप आयफोनवर येऊ दिलं नाही म्हणून एफसीसी या सरकारी नियामकाने 31 जुलै 2009 ला अ‍ॅपल, एटी अँड टी आणि गूगल तिघांना पत्रं धाडली. उत्तरात एटी अँड टीने लेखी कबूल केलं, की आमच्या नेटवर्कवरून इंटरनेट कॉल सुरू करण्याआधी अ‍ॅपलने आमची संमती घ्यायची, असं आमच्यात ठरलंय. 6 ऑक्टोबरला त्यांनी ती संमती जाहीर करून टाकली.

आता काकांची लाडकी केस. ती खरोखर झाली होती. 2007 मध्येच ग्राहक अ‍ॅपल आणि एटी अँड टीविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात गेले. तक्रार मार्मिक होती: आमच्याकडून दोन वर्षांच्या करारावर सही घेतलीत, पण तुम्ही दोघांनी आपसात पाच वर्षांचा करार केलात, दोन वर्षं संपल्यावर आम्ही जायचं कुठे? जुलै 2010 मध्ये न्यायमूर्ती जेम्स वेअर यांनी समूह दाव्याला मंजुरी दिली. फॉरवर्डची गोष्ट बहुधा इथेच संपते.

पुढचं वर्ष मात्र त्यात नसतं. कॅलिफोर्नियातल्याच एका जोडप्याने ‘फुकट’ फोनच्या जाहिरातीवर एटी अँड टीची सेवा घेतली आणि फोनवरचा विक्रीकर म्हणून त्यांच्या बिलात 30 डॉलर 22 सेंट लागले. करारातल्या बारीक टाइपात लिहिलं होतं: वाद झाला तर कोर्टात नाही, लवादाकडे, म्हणजे खासगी पंचाकडे जायचं, तेही एकेकट्याने. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 27 एप्रिल 2011 ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की हे कलम चालेल आणि अशी कलमं अन्याय्य ठरवणारा कॅलिफोर्नियाचा नियम त्याच्या आड येऊ शकत नाही. तीस डॉलरसाठी एकट्याने लवाद म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. कोण जातंय?

त्याच वर्षी डिसेंबरात वेअर यांनी आयफोनवाल्यांनाही लवादाकडे पाठवलं, समूह मोडला. काहींनी मग एकट्या अ‍ॅपलवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला, का तर एटी अँड टी पक्षकार नाही! ज्या कंपनीला कोर्टात ओढताच येत नव्हतं, तिला आणलं नाही हा ग्राहकांचा दोष. ही गाठ अपिलात सुटेपर्यंत 2015 उजाडलं. तोवर व्हेरायझनचा आयफोन जुना होऊन अडगळीत गेला होता.

चेक कधीच येत नाहीत असं नाही. बॅटरी जुनी झाल्यावर आयफोन मंद केल्याच्या दाव्यात 2020 ला तडजोड ठरली, 2024 मध्ये दावेदारांना सुमारे 92 डॉलर मिळाले. चूक अ‍ॅपलने मान्य केलीच नाही. याला गुडघे टेकणं म्हणायचं तर म्हणा.

आणि ‘आपल्याकडे कायदाच नाही’? एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर ग्राहक आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने तक्रार करण्याची तरतूद 1986 च्या ग्राहक कायद्यात होती, 2019 च्या कायद्यात ती कलम 35 मध्ये आहे. लवादाचं कलम दाखवून ग्राहकाला आयोगाच्या दारातून परत पाठवता येत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका बिल्डरच्या प्रकरणात 2018 मध्ये सांगितलं. अमेरिकेत जे घडलं त्याच्या नेमकं उलट.

आपलं दुखणं वेगळं होतं. टेलिफोनच्या तक्रारी जुन्या टेलिग्राफ कायद्याखालीच सोडवायच्या, ग्राहक मंचात (आताच्या ग्राहक आयोगात) नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेच 2009 मध्ये म्हटलं होतं. त्यानंतर ज्याने चुकीच्या मोबाइल बिलाची तक्रार नेली, त्याच्यापुढे कंपनीचा वकील तोच निकाल ठेवायचा. 16 फेब्रुवारी 2022 ला न्यायालयाने स्पष्ट केलं, की मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. बंद दार उघडून दिल्याची ही बातमी ग्रुपवर कुणी टाकल्याचं मला आठवत नाही.