सोमल भाजल्याने त्यातले विष जळत नाही
“सोमल हे निसर्गात मिळणारे खनिज आहे, ते दुधात आणि लिंबाच्या रसात शिजवून अग्नी दिला की त्यातील विष जळून जाते, परदेशात तर कर्करोगावर हेच औषध देतात,” असा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजेच आर्सेनिक या धातुसदृश मूलद्रव्याचे पांढरे ऑक्साइड. या मजकुरावर विसंबून कोणी घरी पुडी घेत असेल, तर त्याच्या जिवाला धोका आहे.

नैसर्गिक असल्याने ते निर्धोक ठरत नाही. पश्चिम बंगालमधील भूजलात मिसळलेले आर्सेनिकही जमिनीतील थरांतूनच येते आणि त्या पाण्याने असंख्य लोकांना त्वचेचे विकार व कर्करोग जडले आहेत.

अग्नीचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण सोमल मुळात अग्नीनेच तयार होतो. आर्सेनोपायराइटसारखी खनिजे हवेत भाजली की आर्सेनिकचा ऑक्सिजनशी संयोग होऊन धूर निघतो, आणि तो थंड भागावर साचला की पांढरी भुकटी मिळते. ती अधिक शुद्ध करायची असेल तर पुन्हा तापवून तिचे संप्लवन करतात, म्हणजे घन भुकटीची थेट वाफ करून ती पुन्हा गोठवतात. हे ऑक्साइड सुमारे ४६५ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु त्याच्या बरेच आधी त्याची वाफ होऊ लागते. म्हणजे भांडे तापवल्याने विष नष्ट होत नाही. काही भांड्यात उरते आणि काही तापवणाऱ्याच्या श्वासात जाते. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, आणि मूलद्रव्य चुलीवर जळून नाहीसे होत नाही. दूध-लिंबाने फार तर त्याचे संयुग बदलेल, त्यातील आर्सेनिकचा अणू तसाच राहील. संयुग बदलल्याने काय साधते हे पाहायचे असेल, तर इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस फाउलर यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेले औषध पाहावे: सोमल अल्कलीत विरघळवून केलेले पोटॅशियम आर्सेनाइटचे ते सौम्य द्रावण दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या तळहातांवर व तळपायांवर घट्टे आले आणि काहींना त्वचेचा कर्करोग झाला.

कर्करोगाचा दावा अर्धा खरा आहे. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांच्या कामातून पुढे आलेल्या या औषधाला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली, परंतु ती ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या एकाच प्रकारच्या कर्करोगासाठी होती. त्या पेशींना वाढवणारे एक विकृत प्रथिन आर्सेनिकमुळे नष्ट होते. इतर कर्करोगांत हे प्रथिन नसते. मात्रा वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज ०.१५ मिलिग्रॅम, तीही शिरेतून, आणि हृदयाची लय बिघडू शकत असल्याने ईसीजी व रक्तातील पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासत देतात. येथे सोमल निर्विष झालेला नसतो. त्याचे विषारीपणच मोजून वापरलेले असते.

सोमलाला चव किंवा वास जवळजवळ नसल्याने पुडीत तो किती आहे, हे जिभेला कळत नाही. ज्यांनी असे चूर्ण घेतले असेल, त्यांनी ते ताबडतोब थांबवावे, उरलेली पुडी घेऊन रुग्णालयात जावे आणि लघवीतील आर्सेनिकची तपासणी करून घ्यावी. उलट्या, पाण्यासारखे जुलाब किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याच दिवशी.