मावशीची बोटं आणि इंडोनेशियाची राजधानी

गेल्या महिन्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माझ्या मावशीला हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन गेलो होतो. वय ७८. जन्मभर काजूबिया फोडल्या, चिकाने बोटं भाजून भाजून गुळगुळीत झालीत. मशीनवर चार वेळा अंगठा ठेवला, चारही वेळा नाही म्हणाली मशीन. मग ओटीपी मागवला, तर तो गेला धाकट्या मुलाच्या नंबरवर. तो दुबईला, कामावर. खिडकीतला मुलगा भला होता, त्याने मावशीला बसायला खुर्ची दिली. पण त्याच्या स्क्रीनवर ‘ही बाई माझ्यासमोर जिवंत बसली आहे’ असं नोंदवायला जागाच नव्हती. परतताना बसमध्ये मावशी म्हणाली, “बाबा, मी आहे हे आता कोणाला सांगू?”

त्या रात्री मी इंडोनेशियाबद्दल वाचत बसलो. जाकार्तात जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की शहराचा उत्तर भाग खचत चाललाय. म्हणून २०१९ मध्ये त्यांनी राजधानी बोर्निओ बेटावर हलवायचं जाहीर केलं, २०२२ मध्ये कायदा केला. नव्या शहराचं नाव नुसांतारा. जंगलातलं स्मार्ट शहर आणि सगळा कारभार डिजिटल, असं ते स्वप्न. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी सगळ्या सरकारी सेवा एकत्र आणणाऱ्या ‘इना डिजिटल’ची सुरुवात केली. महिन्याच्या आत, जूनमध्ये, सुराबाया शहरातल्या सरकारी डेटा सेंटरवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटाला कुलूप घालून खंडणी मागणारा, हल्ला झाला. दोनशेहून जास्त सरकारी कार्यालयांचं काम अडलं, विमानतळांवर इमिग्रेशनला रांगा लागल्या. हल्लेखोरांनी ८० लाख डॉलर मागितले. सरकारने पैसे दिले नाहीत हे बरं केलं, पण नंतर कळलं की तिथल्या बहुतेक डेटाची दुसरी प्रतच ठेवलेली नव्हती. हे वाचून मी हादरलो. नवी राजधानी उभारायला निघालेल्या देशाने जुन्या कागदांची नक्कल ठेवू नये?

राजधानी हलणं आपल्या गोव्याला नवं नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराज जुन्या गोव्याच्या, म्हणजे तेव्हाच्या राजधानीच्या, उंबरठ्यापर्यंत आले, तेव्हा घाबरलेल्या पोर्तुगीज विजरईने (व्हाइसरॉयने) राजधानी मुरगावला न्यायचं ठरवलं. बांधकामही सुरू झालं, पण बेत तडीस गेला नाही. पुढे साथींनी जुनं गोवं ओस पडत गेलं. १७५९ मध्ये विजरई पणजीत आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. आता विधानसभा आणि सचिवालय मांडवी नदीपलीकडे पर्वरीला. आमच्या सत्तरीतल्या वाळपईच्या माणसाला मात्र बस तीच, रजा तीच, ‘साहेब आज नाहीत’ हेही तेच.

म्हणून ऑनलाइन सेवांचा मला खरोखर आनंद झाला होता. आजही आहे. जमिनीचा एक-चौदाचा उतारा घरबसल्या निघतो, ही लहान गोष्ट नाही. त्याच कागदासाठी मामलेदार कचेरीत माझ्या वडिलांच्या चपला झिजल्या. हे बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण कचेरी मोबाइलमध्ये आणली की अंतर संपलं, असं धरून चालणं चूक आहे. ते अंतर आता नातवाच्या, शेजारच्या पोराच्या, झेरॉक्सवाल्याच्या गळ्यात पडलंय. आमच्या सत्तरीत अजून अशी घरं आहेत जिथे रेंज हवी तर डोंगर चढावा लागतो. २०२० मध्ये ऑनलाइन शाळेसाठी मुलं रानात जाऊन बसायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मला हवंय ते एवढंच: प्रत्येक पंचायतीत एक माणूस असावा, ज्याला डोळ्यांनी पाहून ‘होय, ही तीच’ असं लिहून द्यायचा अधिकार असेल, आणि त्याची सही मशीनच्या बरोबरीने चालेल. आणि सर्व्हर बंद पडला त्या दिवशी चालणारा कागदी अर्ज टेबलाच्या खणात तयार असावा. याला नवं शहर वसवावं लागत नाही.

मावशीचा दाखला अजून झालेला नाही. सोमवारी परत जातोय. दुबईला सांगून ठेवलंय, अकरा वाजता फोन हातात ठेव.