‘परवाना काढून टाका, लक्षद्वीपचं मालदीव होईल’: या दाव्यात पाणी किती?

जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले फोटो आले, त्यावर नको ते लिहून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी स्वतःचं निलंबन ओढवून घेतलं, आणि त्याच सुमारास एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरायला लागला. तो अजूनही अधूनमधून नव्याने येतो. त्याचा सारांश असा: लक्षद्वीपकडे 36 बेटं आहेत, तेच निळं पाणी, तीच पांढरी वाळू. सरकारने प्रवेश-परवाना काढून टाकावा, बेटं हॉटेल कंपन्यांना द्यावीत, पाच वर्षांत आपलं मालदीव तयार. स्थानिक मालामाल आणि मालदीव गुडघ्यावर.

निळं पाणी आणि पांढरी वाळू खरी आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

‘मालदीव गुडघ्यावर येईल’

हा मुद्दा लवकर संपतो. मालदीवला 2023 मध्ये सुमारे 18.8 लाख पर्यटक आले. भारतात ‘मालदीववर बहिष्कार’ची हाक उठली त्या वर्षी, 2024 मध्ये, 20 लाखांहून जास्त. भारतीय सुमारे 2.09 लाखांवरून 1.3 लाखांच्या आसपास उतरले हे खरं, पण ती जागा चिनी आणि युरोपीय पर्यटकांनी भरून काढली. शिवाय मालदीवला न गेलेला भारतीय लक्षद्वीपला गेला असं नाही. तेवढ्या लोकांना तिथे पोचवायची सोयच नाही.

‘36 बेटं आहेत, 36 रिसॉर्ट काढा’

36 बेटांची मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर. मालदीवची 298. सगळ्यात मोठं आन्द्रोत बेट पाच चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. दहा बेटांवर वस्ती आहे, 2011 च्या जनगणनेत ती 64 हजारांवर होती, म्हणजे चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसं. ‘ओसाड बेटं’ म्हणून जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते इथे लागू पडत नाही.

उरलेल्या बेटांपैकी पिट्टी हा वाळूचा लहानसा उंचवटा समुद्रपक्ष्यांच्या विणीची जागा म्हणून राखीव आहे. बंगारम प्रवाळवलयातलं (म्हणजे प्रवाळाच्या कड्यातलं) परळी-1 धूप होऊन नाहीसं झाल्याचं 2017 मध्ये एका अभ्यासाने नोंदवलं. काही बेटं चालत काही मिनिटांत संपतात. हिशेबात घेण्याजोगी राहतात ती बंगारम, तिन्नकारा, सुहेली अशी मोजकी. म्हणून नीती आयोगाच्या आराखड्यातही मिनिकॉयला 150, कदमतला 110 आणि सुहेलीला 110 अशा एकूण 370 खोल्याच होत्या. मालदीवमध्ये पर्यटकांसाठी साठ हजारांवर खाटा आहेत.

मालदीवचं गणित 1972 पासून ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या सूत्रावर उभं राहिलं. जवळपास 1,190 बेटं, त्यांतली वस्तीची दोनशेच्या आत. म्हणजे निवडायला हजारभर बेटं मोकळी होती. हे सूत्र दहा-वीस बेटांवर लावता येत नाही.

‘परवान्यामुळेच सगळं अडलंय’

1967 च्या नियमांखालचा परवाना कटकटीचा आहे यात वाद नाही, आणि तो सोपा व्हायला हवा. पण अडचण परवाना हातात आल्यावर सुरू होते.

लक्षद्वीपचा एकमेव विमानतळ अगत्ती बेटावर. त्याची धावपट्टी साधारण 1,200 मीटर आहे आणि तिच्या टोकांना समुद्र. एटीआर-72 सारख्या लहान प्रवासी विमानाला पूर्ण वजनाने उडायला आदर्श हवामानातही 1,300 मीटरच्या आसपास अंतर लागतं; उकाड्यात हवा विरळ होते, मग आणखी जास्त. त्यामुळे इथून उडताना काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, नाहीतर सामान किंवा इंधन कमी करावं लागतं. नेहमीच्या मोठ्या प्रवासी जेट विमानांना इथे उतरताच येत नाही. समजा, रोज चार उड्डाणं आली, प्रत्येकात साठ माणसं, वर्षात एकही दिवस खाडा नाही. तरी आकडा 87,600 वर थांबतो, आणि त्यात कोचीला उपचाराला निघालेले रुग्ण, विद्यार्थी, सरकारी कर्मचारी सगळे आले. मालेजवळच्या वेलाना विमानतळाची नवी धावपट्टी 3,400 मीटरची आहे. अगत्तीची वाढवायची तर जमीन संपल्यावर पुढे प्रवाळावरच भराव घालावा लागेल.

जहाजाचं दुखणं वेगळं. ‘एमव्ही कवरत्ती’त सुमारे 700 माणसं मावतात, ‘कोरल्स’ आणि ‘लगून्स’मध्ये प्रत्येकी 400. हीच जहाजं बेटवासीयांची एसटी. पर्यटकांना दिलेली प्रत्येक खाट कुणाच्या तरी घरी जायच्या तिकिटातून जाते. बहुतेक बेटांवर मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही. ते प्रवाळभिंतीबाहेर उभं राहतं, माणसं आणि सामान हलत्या शिडीवरून लहान बोटीत उतरतात. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असला की हे उतरणंच धोक्याचं होतं.

इथे दोन्हीकडच्या भूगोलातला फरक कळतो. मालदीवची प्रवाळवलयं प्रचंड आहेत, त्यांना खोल खिंडी आहेत. जहाज आत शिरून शांत पाण्यात उभं राहू शकतं, सीप्लेन आत उतरू शकतं. लक्षद्वीपची वलयं छोटी. बेट बहुधा पूर्वेच्या कडेवर, पश्चिमेला लगून, म्हणजे कड्याच्या आतलं काही मीटर खोलीचं पाणी, आणि पलीकडे एकदम उतरता समुद्र.

‘चहूकडे समुद्र आहे, पाणी गोडं करून घ्या’

संपूर्ण मजकुरातलं हे सगळ्यात कच्चं वाक्य.

प्रवाळबेटाला नदी नसते, तलाव नसतो. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड, म्हणून भूजलाची पातळी समुद्रापेक्षा जितकी वर, त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत गोडं पाणी असू शकतं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात जमीन सच्छिद्र असते, भरती-ओहोटी ते पाणी रोज घुसळते आणि गोड्या पाण्याचा थर पातळ राहतो. याच नियमाची उलटी बाजू घातक आहे: उपशाने विहिरीतलं पाणी एक वीत खाली गेलं की तळचं खारं पाणी चाळीस विती वर चढू पाहतं. एका विहिरीवर मोठा पंप लावला की ती लवकरच मचूळ होते, आणि थर पुन्हा सावरायला पुढचे पावसाळे लागतात. म्हणून इथली योग्य पद्धत म्हणजे पुष्कळ उथळ विहिरींतून थोडं-थोडं उपसणं आणि छपरावरचं पाणी टाकीत धरणं. वस्तीत शोषखड्डे आणि विहिरी शेजारीशेजारी, मधे वाळू, त्यामुळे सांडपाण्याचा धोका वेगळाच.

यावर चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने काढलेला तोडगा खरंच अभिमान वाटावा असा आहे. 2005 मध्ये राजधानी कवरत्तीला समुद्राच्या पाण्यातून रोज एक लाख लिटर गोडं पाणी काढणारा संयंत्र बसला. 2011 मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला. पुढे आणखी सहा बेटांसाठी रोज दीड लाख लिटरचे. पृष्ठभागावरचं 28 अंशांचं पाणी निर्वात टाकीत सोडलं की त्यातलं थोडं कमी दाबामुळे वाफ होतं. सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून खेचलेल्या 12-13 अंशांच्या पाण्याने ती वाफ थंड करायची, मिळतं ते पिण्याजोगं पाणी. आरओसारखे गाळणारे पडदे नाहीत, रसायनं नाहीत. पण प्रवाळभिंतीपलीकडे खोलवर सोडलेला पाइप हे त्याचं नाजूक ठिकाण. वादळात आधी तोच हलतो. आणि पंप चालायला वीज लागते.

आता रिसॉर्टचा हिशेब. 110 खोल्या, खोलीत दोघं, म्हणजे 220 पाहुणे. अंघोळ, धुलाई, स्वयंपाक, तरणतलाव मिळून माणशी रोज 500 लिटर धरले तर 1 लाख 10 हजार लिटर. खोलीमागे दीड कर्मचारी, त्यांना 150 लिटर, म्हणजे आणखी पंचवीस हजार. बेरीज 1 लाख 35 हजार: एका आख्ख्या बेटासाठीचा संयंत्र जवळजवळ एका रिसॉर्टनेच पिऊन टाकला. रिसॉर्टने स्वतःचा आरओ लावला तरी त्यातून निघणारं, समुद्राहून कितीतरी खारट पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न राहतो. लगूनमध्ये सोडलं तर ज्या प्रवाळासाठी पाहुणा आला, तेच मरतं.

‘समुद्रम’ या सरकारी सहलीत पाहुणे दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय पाहतात आणि रात्री जहाजावर झोपतात, ते याच कारणाने सोयीचं ठरतं: जहाज आपलं पाणी, आपली वीज घेऊन येतं. ही सहल वाढवायला वाव आहे, पण तिचे फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘सौरऊर्जा आहे की’

आहे, आणि वाढायलाच हवी, कारण बेटांवरची बहुतेक वीज अजून जहाजाने आणलेल्या डिझेलवर बनते आणि पावसाळ्यापूर्वी साठा करून ठेवावा लागतो. कवरत्तीला 2024 च्या सुरुवातीला 1.7 मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला, सोबत 1.4 मेगावॉट-तासांची बॅटरी. पूर्ण क्षमतेने ही बॅटरी तासभरही पुरत नाही. रिसॉर्टचा मोठा भार मात्र एसीचा, आणि तो रात्रभर. जमिनीवर एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. 32 चौरस किलोमीटरमध्ये ते एकर माडांतून किंवा घरांतून काढावे लागतील. छपरं हा बरा पर्याय. खाऱ्या हवेने सांधे आणि जोडण्या गंजतात, तेव्हा देखभालीला हाताशी माणूस आणि सुटे भाग हवेत.

‘पाण्यावरचे व्हिला बांधा, जमीन लागत नाही’

खांब लगूनच्या तळातच रोवावे लागतात. काम चालू असताना उडालेला गाळ प्रवाळावर बसतो, खाली सावलीत समुद्री गवत मरतं, आणि लांब धक्क्याने प्रवाह वळला की एका बाजूला वाळू साचते, दुसरीकडे किनारा खचतो. मग यंत्राने वाळू ओतत राहायची. बेटाची वाळू ही प्रवाळाचाच चुरा. प्रवाळ मेलं की नवी वाळू येणं थांबतं. 1998, 2010, 2016 आणि 2024 च्या उष्ण लाटांत इथलं प्रवाळ पांढरं पडलं आहे. कचऱ्याचं काय करायचं, याला मालदीवचं उत्तर थिलाफुशी: 1990च्या दशकापासून कचऱ्याने भरत नेलेलं आख्खं बेट. लक्षद्वीपकडे त्यासाठी सोडून द्यायला बेट नाही.

‘स्थानिक मालामाल होतील’

कोणत्या वाटेने? मालदीव हा देश आहे. तिथे पर्यटनावरचा वस्तू-सेवा कर 2023 पासून 16 टक्के, जुलै 2025 पासून 17. त्यावर हरित कर, बेटांचं भाडं. हे सगळं त्यांच्या तिजोरीत जातं. लक्षद्वीपला विधानसभा नाही, स्वतःचा संचित निधी, म्हणजे स्वतःची तिजोरी, नाही. जीएसटीतला केंद्रशासित प्रदेशाचा हिस्सा भारताच्या संचित निधीत जमा होतो. सुहेलीतल्या खोलीचं भाडं दुप्पट झालं म्हणून कवरत्तीच्या दवाखान्याला आपोआप एक रुपयाही जास्त मिळत नाही. भाजी, मांस, किराणा कोचीहून येणार, व्यवस्थापक बाहेरचे.

‘बेटं कंपन्यांना द्या’ म्हणताना ती कुणाची आहेत हेही विचारावं लागतं. लोकसंख्येत सुमारे 95 टक्के अनुसूचित जमाती; बाहेरच्याला जमीन विकण्यावर बंधनं आहेत. निर्मनुष्य म्हणजे बिनमालकाचं नव्हे: सुहेलीत कवरत्तीचे मच्छीमार हंगामात मुक्काम ठोकून असतात. जमीन घेण्याचे व्यापक अधिकार देणारा विकास प्राधिकरणाचा मसुदा 2021 मध्ये आला, तेव्हा लोक का भडकले ते यावरून कळेल.

‘पर्यटन सोडलं तर तिथे आहेच काय?’

ट्यूना आहे, म्हणजे आपला कुपा. बेटांभोवतीचं आर्थिक सागरी क्षेत्र सुमारे चार लाख चौरस किलोमीटर. मिनिकॉयची पद्धत दांडी-गळाची: लगूनमधली जिवंत बारीक मासळी बोटीच्या टाकीत धरायची, थव्याजवळ ती फेकत पाण्याचे फवारे मारायचे, आणि बिनकाट्याच्या गळाने एकेक मासा उचलायचा. जाळंच नसल्याने कासवं अडकत नाहीत, समुद्र खरवडला जात नाही. याच पद्धतीच्या ट्यूनाला मालदीवने 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय शाश्वतता प्रमाणपत्र मिळवलं.

आपल्याकडे माल अडतो तो बर्फावाचून. ट्यूना पकडल्यावर लवकर शून्याजवळ थंड केला नाही तर त्यात हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि ते नंतर शिजवूनही जात नाही; असा मासा निर्यातीत नाकारला जातो. म्हणून पुष्कळसा मासा उकडून, धुरावून, उन्हात वाळवून मासमीन केला जातो. मासमीन टिकतो भरपूर, पण ताज्या ट्यूनाचा बाजार हातचा जातो. उष्ण हवेत किलोभर माशाला साधारण किलोभर बर्फ धरतात, आणि बर्फालाही गोडंच पाणी लागतं. वर धरलेल्या 500 लिटरच्या हिशेबाने वीस पाहुण्यांना एका दिवसात लागणाऱ्या पाण्यात दहा टन बर्फ होतो, म्हणजे दहा टन ट्यूना कोचीपर्यंत ताजा पोचवण्याची सोय.