राहा म्हणायचं असेल, तर आधी विचारा

२०२२ चा नोव्हेंबर माझ्या पक्का लक्षात आहे. २३ तारखेला लंडनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की स्कॉटलंडच्या संसदेला स्वातंत्र्याचं सार्वमत आपल्या अधिकारात घेता येणार नाही, वेस्टमिन्स्टरची, म्हणजे ब्रिटनच्या संसदेची, संमती लागेल. नेमक्या त्याच आठवड्यात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आमच्या जत तालुक्यातली चाळीस गावं कर्नाटकात घ्यायचा विषय काढला. संध्याकाळी ग्लासगोहून पुतणीचा फोन, तो ठेवतो न ठेवतो तोच जतच्या उमदीकडच्या मामेभावाचा. दोघंही संतापलेले. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी पुतणीचं सांगतो. मिरजेत नर्सिंग शिकली, मिरजेतच चार वर्षं नोकरी केली आणि मग तिकडे गेली. १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं, तेव्हा तिलाही मत होतं. मला आधी खरंच वाटेना. पण नियम तसाच होता: जो स्कॉटलंडमध्ये राहतो त्याला मत, मग तो राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असला तरी. सोळा वर्षांच्या पोरांनाही मत होतं. उलट एडिंबरात जन्मलेला पण लंडनला राहणारा माणूस बाहेर. त्या रात्री तिचा आवाज मी विसरलेलो नाही. "काका, देश व्हायचं का नाही हे मला विचारलं. मिरजेच्या पोरीला!"

प्रश्न एका ओळीचा होता: स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का? ८४.६ टक्के लोकांनी मतदान केलं. ५५.३ टक्के 'नाही' म्हणाले, ४४.७ टक्के 'हो'. तिच्या ग्लासगोने 'हो' म्हटलं होतं, तिने स्वतः 'नाही'. पगार पौंडात, घराचा हप्ता पौंडात, आणि लंडनचे अर्थमंत्री तर आधीच सांगून बसलेले की वेगळे झालात तर पौंडात वाटा मिळणार नाही. बाहेरून आलेल्या माणसाला असली धाकधूक जास्तच असते.

आमच्या सांगलीतल्या मित्रमंडळींत हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "हे देश तोडायचे धंदे." मला ते पटत नाही. स्कॉटलंड इंग्लंडने जिंकून घेतलेला नव्हता. १७०७ साली दोन राज्यांच्या संसदांनी करार करून एकच संसद केली. त्याआधी पनामाच्या किनाऱ्यावर डॅरियनला वसाहत करायच्या नादात स्कॉटलंडच्या सरदार-व्यापाऱ्यांचा अमाप पैसा बुडाला होता, करारात त्याची भरपाई मिळत होती. एडिंबराच्या रस्त्यावर लोक विरोधात उतरले होते, पण त्यांना विचारतो कोण? ज्या करारावर सामान्य माणसाची सही कधी घेतलीच नव्हती, त्याबद्दल त्याला ३०७ वर्षांनी पहिल्यांदा विचारलं गेलं. त्याला तोडणं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी २०१२ साली स्कॉटलंड सरकारचे तेव्हाचे प्रमुख अॅलेक्स सॅमंड यांच्याबरोबर करार करून हे सार्वमत होऊ दिलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण पुढे काय झालं ते बघा. मतदानाला दोन दिवस उरले असताना एका वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ब्रिटनच्या तिन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी सह्यांनिशी शब्द दिला, की तुम्ही राहिलात तर तुमच्या संसदेला जास्त अधिकार देऊ. लोक राहिले. आणि १९ तारखेला सकाळी, निकालाची शाई वाळायच्या आत, पंतप्रधान घराबाहेर येऊन इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांनी मत द्यायची गोष्ट बोलले. अधिकार पुढे दिले, २०१६ च्या कायद्याने प्राप्तिकराचे दर ठरवायची मुभाही आली, ते नाकारत नाही. पण त्या सकाळी जे मन दुखावलं ते दुखावलंच. ज्या घरात भाऊ वेगळं व्हायचं म्हणता म्हणता थांबला, त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी वाटणीचा हिशेब काढत नाहीत.

आणि मग २०१६ चा जून. स्कॉटलंडला सांगितलं होतं, वेगळे झालात तर युरोपीय संघातून बाहेर पडाल. सबंध ब्रिटनचं मत झालं आणि ५१.९ टक्के बाहेर पडायच्या बाजूने गेले. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के राहायच्या बाजूने, तिथल्या ३२ पैकी एकाही भागात बाहेर पडायला बहुमत नाही. तरी ३१ जानेवारी २०२० ला त्यांनाही बाहेर पडावं लागलं. पुतणी म्हणाली, "काका, ज्या भीतीने मी 'नाही' म्हटलं, तीच माझ्यावर आणली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता माझं मत, स्पष्ट. मला विचाराल तर स्कॉटलंडने वेगळं होऊ नये. कारण मी मिरजेत राहतो. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, कर्नाटक. अथणी-रायबागचे पेशंट रोज सकाळी मिरजेच्या दवाखान्यांत येतात, विजापूरचा बेदाणा तासगाव-सांगलीच्या बाजारात सौद्याला येतो. म्हैसाळच्या पुढे कस्टमचा नाका बसला, प्रत्येक गाडीचे कागद बघायला लागले, तर काय होईल हे मला कुणी सांगायला नको. स्कॉटलंड ज्यांना माल विकतो त्यांत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक उरलेलं ब्रिटनच आहे. २०१४ ला युरोपीय संघात दोघंही एकत्र होते, सीमेचा प्रश्न हलका होता. आता स्वतंत्र स्कॉटलंड संघात परतला तर इंग्लंडला लागून असलेल्या ग्रेटनाजवळची सीमा ही खरीखुरी सीमा होईल. शिवाय स्कॉटलंडच्या समुद्रातलं तेल. सार्वमताच्या उन्हाळ्यात पिंपाचा भाव शंभर डॉलरच्या वर होता, २०१५ च्या जानेवारीत पन्नासच्या खाली गेला. त्या तेलावर नव्या देशाचं बजेट उभं करायची भाषा 'हो'वाले करत होते. हे धोक्याचं होतं.

म्हणून माझं मत 'नाही'. पण दार बंद करणं मला अजिबात मान्य नाही. न्यायालयाने कायदा सांगितला, ते त्याचं कामच. राग आहे तो संमती देणार नाही म्हणणाऱ्यांवर. उत्तर आयर्लंडला १९९८ च्या करारात वाट लिहून दिलेली आहे: बहुमत वेगळं व्हायचं म्हणेल असं दिसलं तर मतदान घ्यायचंच. स्कॉटलंडला अशी वाट का नसावी?

मामेभावाच्या फोनकडे येतो. राज्याची हद्द आणि देशाची सीमा एक नव्हे, हे मला कळतं. पण दुखणं ओळखीचं आहे. जतच्या पूर्व भागात घराघरात कन्नड बोलतात, गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्हीकडचे लोक येतात. १९४८ च्या मार्चमध्ये जत संस्थान मुंबई प्रांतात आलं, तेव्हाही गावांना कुणी विचारलं नव्हतं. माझं आजोळ तिकडचं. उन्हाळ्यात टँकर आला की आजी आधी जनावरांची पातेली पुढे ठेवायची, मग आमचे हंडे. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी पश्चिमेकडे आलं, पूर्व भाग वाट बघत राहिला. शेवटी गावांनी कर्नाटकात जायचे ठराव केले. दादा त्या दिवशी फोनवर म्हणाला, "आमाला कुटं जायचं न्हाई रं. पर जातो म्हटल्याबिगर मुंबईला ऐकूच येत न्हाई." त्या गदारोळात कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी तिकोंडीच्या तलावात आलं, आणि आपल्या सरकारनेही विस्तारित म्हैसाळ योजनेच्या मंजुरीची घाई केली. इतकी वर्षं ती घाई कुठे होती?

पुतणी आता म्हणते, पुन्हा मतदान झालं तर मी 'हो' म्हणणार. मी अजून 'नाही'वरच आहे. मत तिला आहे, मला नाही. रविवारी तिचा फोन येईल, तेव्हा म्हैसाळच्या नाक्याचं तिला पुन्हा सांगणार आहे. ती चिडेल, पण ऐकून घेते.