सीडी-फोर पाचशेच्या वर आहे म्हणून गोळ्या लांबवू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांत सध्या एक व्हॉइस मेसेज फिरतोय. "एचआयव्ही निघाला तरी सीडी-फोर पाचशेच्या वर असेल तर गोळ्या सुरू करू नका. शरीराला लढू द्या. गोळ्या गरम पडतात, किडनी खातात, अन् एकदा लागल्या की जन्माच्या लागतात." सांगणाऱ्याचा सूर इतका मायेचा आहे की ऐकणारा थांबतोच. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सीडी-फोर म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, ज्यांना एचआयव्ही मारतो; तपासणीत त्या रक्तात किती आहेत ते मोजतात. पाचशेचा आकडा जुन्या नियमातला आहे. २००४ मध्ये सरकारी मोफत औषधं सुरू झाली तेव्हा सीडी-फोर २०० च्या खाली घसरल्यावरच ती मिळायची. मर्यादा पुढे ३५० झाली, मग ५००. एप्रिल २०१७ पासून भारतात ती अटच राहिली नाही: तपासणीत एचआयव्ही निघाला की उपचार, सीडी-फोर कितीही असो.

हे का बदललं? ३५ देशांतल्या ४,६८५ जणांवर 'स्टार्ट' नावाची चाचणी झाली. सगळ्यांचा सीडी-फोर ५०० च्या वर. निम्म्यांना लगेच गोळ्या, बाकीच्यांना सीडी-फोर ३५० पर्यंत उतरल्यावर किंवा एड्सची लक्षणं दिसल्यावर. २०१५ मध्ये निकाल आला. गंभीर आजार किंवा मृत्यू लगेच सुरू केलेल्यांत ४२ जणांच्या वाट्याला आला, थांबलेल्यांत ९६. त्यात टीबी होता, कॅन्सरही होते.

"शरीराला लढू द्या" हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो पटतो. विषाणू सुरुवातीच्या आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-फोर पेशी मारतो. अस्तर कमजोर झालं की आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि रोगप्रतिकारशक्ती कायम चवताळलेली राहते. डॉक्टर याला दीर्घकालीन दाह म्हणतात. कुटाराच्या ढिगात आत धुमसत असावं तसा हा प्रकार. माणूस वरून धडधाकट, कापूस वेचायला जातो, आणि आत रक्तवाहिन्या, हृदय, यकृत झिजत असतं. गोळ्यांनी विषाणू दबला की हा दाह बराच उतरतो. पूर्ण जात नाही, हेही खरं. म्हणून तंबाखू-खर्रा सोडणं आणि बीपी-शुगर तपासत राहणं उपचाराइतकंच गरजेचं.

किडनीचं म्हणाल तर टेनोफोव्हिर या एचआयव्हीच्या औषधाने काहींच्या किडनीवर परिणाम होतो. त्यासाठीच एआरटी (म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) सेंटरवर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का हे सांगणारा रक्तातला घटक, तपासतात आणि गरज पडल्यास औषध बदलतात. विषाणू मोकळा सोडला तर तोही किडनी बिघडवतोच. 'गरम पडणं' म्हणजे बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांची मळमळ किंवा डोकेदुखी. सध्या बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तसं सेंटरवर सांगा. उपाशीपोटी दोन्ही एकत्र घेतल्या तर एचआयव्हीची गोळी नीट लागू पडत नाही.

जन्माची गोळी, होय. पण २००६ मध्ये 'स्मार्ट' चाचणीत मध्येच गोळ्या थांबवणाऱ्यांत मृत्यू वाढले, हृदयविकारही वाढले. आणि गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला राहिला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मेसेजमध्ये बायकोचा, नवऱ्याचा विचार कुठंच नाही.

थांबायचं मुख्य खरं कारण: मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा क्रिप्टोकोकल मेनिंजायटिस (त्याच आवरणाचा बुरशीचा संसर्ग). तिथे आधी त्या आजाराचा उपचार करून काही आठवड्यांनी एआरटी सुरू करतात, आणि ते डॉक्टर ठरवतात. गावात कळेल या भीतीने सेंटरवर जायचं टाळत असाल तर २०१७ च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत.