पिकअप घेताय? मग गरज घरी ठेवून या

अमेरिकेत पिकअप घ्यायचं मनात आलं असेल तर सगळ्यात आधी एक खात्री करून घ्या: तुम्हाला तिची गरज नाही ना? नसेल तर अभिनंदन, तुम्ही योग्य गिऱ्हाईक आहात. ज्याला खरोखर रोज विटा, फळ्या आणि गवताचे भारे वाहायचे असतात, तो शोरूममधल्या गाडीच्या काचेवरचा आकडा वाचतो, डोक्यावरची टोपी सारखी करतो आणि आपल्या वीस वर्षांच्या गंजक्या गाडीत बसून निघून जातो. त्याच्या जिवावर धंदा चालत नाही. धंदा चालतो तुमच्या-माझ्या जिवावर. आपला माल म्हणजे दोन पिशव्या किराणा आणि मुलीचं व्हायोलिन, आणि तोही मागच्या सीटवर.

यात लाजण्यासारखं काही नाही, तुम्ही बहुमतात आहात. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेने ट्रकमालकांना विचारून पाहिलं, तेव्हा चारातल्या तिघांनी सांगितलं की गाडीमागे काही ओढून न्यायची वेळ वर्षातून एकदा येते, किंवा येतच नाही. शंभरातल्या सत्तरांना कच्च्या रस्त्याचं दर्शन तितपतच घडतं. आणि पस्तीस जण असे, ज्यांच्या हौद्यात वर्षातून एकदा काही पडलं तर पडलं.

कंपन्यांनी हे केव्हाच ओळखलं होतं. फोर्डच्या एफ-150 या पिकअपच्या पहिल्या पिढीत लांबीच्या हिशोबाने 64 टक्के हौदा होता आणि 36 टक्के माणसांची जागा. 2021पर्यंत गणित उलटलं: 63 टक्के माणसं, 37 टक्के हौदा. म्हणजे तुम्ही घेताय ती दिवाणखान्याला जोडलेली बाल्कनी. फोर्डने 1925 साली आपल्या मॉडेल टी मोटारीला मागे हौदा जोडून विकायला काढली तेव्हा किंमत होती 281 डॉलर, आजच्या पैशांत पाच हजारांच्या आसपास. आज पूर्ण आकाराच्या पिकअपला सरासरी 65 हजारांच्या घरात मोजावे लागतात. कुणी म्हणेल, पण त्या गाडीत गरम होणारं स्टिअरिंग कुठे होतं? बरोबर. साठ हजारांचा फरक सगळा त्या उबेचा आहे.

किंमत इतकी का, असा प्रश्न शोरूममध्ये विचारू नका. विचारायचाच असेल तर कोंबडीला विचारा. झालं असं की 1960च्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त अमेरिकन कोंबडीने युरोपचे बाजार भरून टाकले आणि युरोपने तिच्यावर कर बसवला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 1963च्या डिसेंबरात उलट फटका दिला: बाहेरून येणारा बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक (पिकअप त्यातच मोडते), सगळ्यांवर 25 टक्के कर. पुढे स्टार्च सुटला, ब्रँडी सुटली. ट्रकवरचा कर साठ वर्षं तिथेच बसला आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे आपण नुसतं म्हणतो; अमेरिकेने तो कायदा करून दाखवला. बाहेरची छोटी, स्वस्त पिकअप येऊच शकत नाही, त्यामुळे घरच्या कंपन्यांना ती बनवायची गरज उरत नाही. सुबारूने एकदा ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ठोकल्या, मागे तोंड करून, आणि सांगितलं की हा ट्रक नव्हेच, ही प्रवासी गाडी, मग ट्रकचा कर कसला. गंमत म्हणजे ज्या फोर्डला या कराचा सगळ्यात जास्त आडोसा मिळाला, तिनेही तुर्कस्तानात बनवलेल्या आपल्याच व्हॅन मागच्या सीटा लावून अमेरिकेत उतरवल्या आणि बंदरातून सुटल्यावर त्या सीटा काढून टाकल्या. 2024मध्ये या प्रकरणात तिने 36 कोटी 50 लाख डॉलर भरून तडजोड केली. एवढी महागडी बैठक राजेरजवाड्यांनाही परवडली नसती.

सरकारही तुमच्याच बाजूने आहे. इंधन वाचवण्याचे नियम असे की चार चाकांमधली जागा जितकी मोठी, तितकी अट सैल. जणू वर्गात ज्याचा बाक मोठा त्याला पासापुरते मार्क कमी. मग कंपन्यांनी इंजिन सुधारण्याऐवजी बाक मोठा केला, यात त्यांचं काय चुकलं? तुमचा स्वतःचा धंदा असेल तर आणखी चांगलं. भरल्या वजनाची क्षमता 6,000 पौंडांच्या वर, म्हणजे 2,700 किलोंच्या पुढे असलेली गाडी कामासाठी घेतली तर खर्च करातून भराभर वजा करता येतो. तेवढ्याच वजनाच्या एसयूव्हीला त्यात मर्यादा आहे, सहा फुटी हौद्याच्या पिकअपला ती नाही. तेव्हा तुम्ही दाताचे डॉक्टर असाल तर हौदा सहा फुटांचाच घ्या. अक्कलदाढ काय आकाराची निघेल, सांगता येत नाही.

आता शोरूम. सेल्समन तुम्हाला आधी सगळ्यात वरच्या मॉडेलमध्ये बसवेल. टेक्सासमधल्या जुन्या रँचचं नाव दिलेली तपकिरी चामड्याची सीट, तिच्यावर रँचचं गुरांवर डागायचं चिन्ह. सीटला वासही असा की दोन मिनिटांत आपण गुरं राखायलाच जन्मलो होतो असं वाटू लागतं. बोनेट छातीपर्यंत येतं, त्यामुळे समोरून जाणारं लहान मूल दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा आहे, तो वरच्या पॅकेजमध्ये मिळतो. खाली उतरलात की तुम्हाला आतल्या बिनखिडकीच्या खोलीत नेतील. तिथला माणूस किंमत हा शब्द तोंडातूनही काढणार नाही. तो विचारेल, महिन्याला किती जमेल? तुम्ही हजार म्हणालात तर तो कागदावर 72 महिने लिहील, मान हलवेल, ते खोडून 84 लिहील आणि त्याभोवती पेनने गोल काढेल. 65 हजार, सात टक्के व्याज: सहा वर्षांत फेडायचे तर हप्ता अकराशेच्या पुढे जातो, सात वर्षांत घेतलात तर 981. जमलं की! वर व्याज 17 हजारांहून जास्त जातं, पण ते त्या गोलाच्या बाहेर आहे. ऋण काढून सण करणारे लोक निदान दुसऱ्या दिवशी भांडी घासून मोकळे व्हायचे.

2021 साली ही कला फार पुढे गेली होती. चिपांचा तुटवडा झाला आणि फोर्डने बनून तयार झालेले, फक्त चिपेविना अडलेले ट्रक केंटकीतल्या मोटार शर्यतींच्या मैदानावर रांगेने उभे करून ठेवले. शर्यतीच्या मैदानावर न हलणाऱ्या गाड्या! कंपनीच्या किमतीवर डीलर 'मार्केट ॲडजस्टमेंट' नावाची जादा रकमेची स्वतंत्र पट्टी चिकटवू लागले. चिपा परत आल्या. वाढलेल्या किमतींना मात्र परतीची वाट सापडली नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पेट्रोलचं झालं, आम्ही विजेची घेणार. शाबास. विजेच्या पिकअपचा पहिला नियम: ती स्वस्त असते ती स्टेजवर. फोर्डने मे 2021मध्ये एफ-150 लाइटनिंग जाहीर केली, सुरुवातीची किंमत 39,974 डॉलर. लोक आनंदले, नावं नोंदवली. ऑगस्ट 2022ला ती 46,974 झाली, ऑक्टोबरला 51,974, डिसेंबरला 55,974 आणि मार्च 2023ला 59,974. शेवटचे 974 मात्र कंपनीने पहिल्यापासून जपले. याला शब्द पाळणं म्हणतात. मग गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा जुलैत एका दिवसात दहाएक हजार उतरवले. त्याच्या आदल्या आठवड्यात ज्यांनी घेतली त्यांच्या घरी त्या रात्री काय शिजलं असेल ते विचारू नका.

टेस्लाची तऱ्हा याहून भव्य. 2019च्या नोव्हेंबरात सायबरट्रक दाखवला, किंमत 39,900, काच न फुटणारी. स्टेजवर लोखंडी गोळा मारला आणि काच फुटली. मग दुसरीवर मारला, तीही फुटली. तरी शंभर डॉलर भरून लोक रांगेत उभे राहिले. बाजारात तुरी, तसं हे. पहिल्या गाड्या हाती पडल्या 2023च्या नोव्हेंबर अखेरीस, आणि तेव्हा सगळ्यात स्वस्त मॉडेलसमोर 60,990 लिहिलं होतं. ते मॉडेलही तेव्हा मिळणार नव्हतं, त्यासाठी 2025 उजाडायची वाट बघायची होती. पुढे हजारो गाड्या परत बोलावल्या, कारण ॲक्सिलरेटरच्या पेडलवरचं कव्हर निसटून पेडल अडकू शकत होतं. कव्हर सहज बसावं म्हणून कारखान्यात साबण लावला होता. 2025च्या मार्चमध्ये पुन्हा 46 हजारांवर गाड्यांना बोलावणं, कारण बाहेरची स्टीलची पट्टी डिंकावर चिकटवलेली होती आणि ती सुटू शकत होती. बंदुकीच्या गोळीला न भिणारी गाडी, साबण आणि डिंकापुढे हरली.

वजनदार काही हवं असेल तर विजेची हमर आहे. चार टनांच्या वर भरते, आणि त्यातली नुसती बॅटरी 1,300 किलोंची, म्हणजे जवळपास एक अख्खी होंडा सिव्हिक. नाकापेक्षा मोती जड ही म्हण ज्याने केली त्याने ही गाडी पाहिली नव्हती. पहिल्या आवृत्तीची किंमत एक लाख बारा हजारांच्या वर. पर्यावरणासाठी एवढं करायलाच हवं.

ट्रेलर जोडला की विजेच्या पिकअपची रेंज साधारण निम्म्यावर येते, आणि बऱ्याच ठिकाणी चार्जरपाशी ट्रेलरसकट गाडी मावत नाही, तो सोडून बाजूला ठेवावा लागतो. पण ही तक्रार तुमची नाहीच. वरचा चारातल्या तिघांचा आकडा आठवा.

सरकारी मदतीची वेळ साधता आली तर साधायची होती. विजेच्या गाडीवर 7,500 डॉलरची करसवलत होती. साध्या कारला ती 55 हजारांपर्यंतच्या किमतीवर, पिकअपला मात्र 80 हजारांपर्यंत, कारण गरीब बिचारे ट्रकवालेच. 30 सप्टेंबर 2025ला ती संपली. त्याच डिसेंबरात फोर्डने पूर्ण विजेची लाइटनिंग थांबवत असल्याचं सांगितलं. पुढच्या लाइटनिंगमध्ये बॅटरी भरण्यासाठी पेट्रोलवर चालणारं जनरेटर असेल. म्हणजे आपल्याकडे लग्नात लाइट गेल्यावर मांडवामागे जे धडधडतं, तेच, फक्त आधीपासून बसवलेलं.

खरोखर स्वस्त पिकअपही आहे बरं का, आणि मी तिची चेष्टा करणार नाही. फोर्डचीच छोटी मॅव्हरिक 2021मध्ये 19,995ला आली, लोकांनी झुंबड करून संपवली, आणि कंपनीने चारेक वर्षांत किंमत 28 हजारांवर नेऊन ठेवली. स्वस्ताईला शिक्षा ती झालीच. 2025च्या एप्रिलमध्ये स्लेट नावाच्या कंपनीने विजेची दोन सीटची पिकअप दाखवली: रेडिओ नाही, रंग नाही, काच हाताने फिरवून खाली करायची. करसवलत धरून वीस हजारांच्या आत, असं म्हणाले होते. पुढे सवलत गेली. हौदा आहे, चाकं आहेत, आणि लोक विचारतात की यात स्क्रीन कुठे आहे.

आमच्या शेजाऱ्यांकडे मोठी पिकअप आहे, काळी, रोज धुतलेली. गेल्या महिन्यात मला दुकानातून गादी आणायची होती, म्हणून मी त्यांना विचारलं. त्यांनी हौद्याचं झाकण उघडून दाखवलं. आत नुकतंच बसवलेलं रबरी अस्तर, त्यावर अजून कारखान्याचं स्टिकर. ते म्हणाले, गादीच्या कडेची झिप घासली तर ओरखडा पडतो हो. मग आम्ही दोघं माझ्या जुन्या छोट्या गाडीतून गेलो. गादी टपावर दोरीने बांधली. सिग्नलला वाऱ्याने ती उचलली जाऊ लागली, तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून ती घट्ट धरली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

उतरताना माझ्या गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाले, "कामाची आहे हो तुमची गाडी. कितीला पडली?"